अनुभव धागा: शाळेत शिकवता शिकवता मुलांसाठी विनोदी कादंबरी लिहिताना

मंडळी, दिवसा शाळा आणि रात्री मुलांना हसवणारं लिखाण, असं जगणारे आपल्यात बरेच जण आहेत. आपल्याकडे हे नवीन नाही. चि. वि. जोशी बडोद्याला कॉलेजात पाली शिकवत आणि चिमणराव-गुंड्याभाऊ लिहीत. गंगाधर गाडगीळ मुंबईत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, बंडूच्या गोष्टी त्यांच्याच. पण ही कॉलेजातली माणसं. पाचवी-सहावीच्या वर्गावर उभं राहून लिहिणाऱ्यांचे अनुभव मला हवे आहेत. पहिलं हसू कुठे सापडलं, काय गाळावं लागलं, छापताना काय झालं, मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी एकवीस वर्षं शिकवतो. शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटच्या तासाला मी वही काढून आठवड्यात लिहिलेलं वाचून दाखवतो. एकदा पट कमी म्हणून शाळा बंद पडेल या भीतीने पोरं एका शेळीला वर्गात बसवतात, असं प्रकरण लिहिलं होतं. केंद्रप्रमुख येतात, गुरुजी हजेरी घेतात, शेळी नेमकी आपल्या नंबरला ओरडते. मला ते फार जमलंय असं वाटत होतं. पोरं ऐकत होती, पण हसेनात. मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरी सात-आठ शेरडं असलेला, हळूच म्हणाला, "शेरडी गप बसती व्हय गुर्जी? हजेरीच खाईल की ती!" वर्ग असा फुटला, की शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या. मी पेन्सिल त्याच्याच हातात दिली. शेळी आधी कुठलं पान खाईल, पुठ्ठा खाईल का, केंद्रप्रमुखांच्या पिशवीत तोंड घालेल का, सगळं त्याने सांगितलं. एरवी वाचायला उभं केलं की मान खाली घालणारा मुलगा! ते प्रकरण छापलं गेलं तसंच्या तसं, त्याच्या हुकमाप्रमाणे.

मुंबईच्या उपनगरातून, सातवीची वर्गशिक्षिका

सर, तुमचं वाचून बरं वाटलं, पण माझा अनुभव दुखरा आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत अडखळत बोलणारा एक मुलगा होता. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत बस निघून जाते, बेल वाजते, असे प्रसंग होते. वर्गात वाचलं, मुलं खूप हसली. माझ्या वर्गात अडखळत बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी डबा खायच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाई, माझा दादा असा बोलतो." एवढंच. रागावली नव्हती. डब्याचं झाकण उघडझाप करत उभी होती.

मी ती चौतीस पानं काढून टाकली. नंतर तोच मुलगा पुन्हा लिहिला. आता तो अडखळतो तेव्हा घाईची माणसं फसतात: त्याचं पुढचं ऐकून न घेता पळालेले काका भलत्याच लग्नात जेवून येतात. ताई-सर, हसू कुणावर येतंय हे एकदा कागदावर तपासाच, माझी कळकळीची विनंती आहे.

नांदेड जिल्ह्यातून

छपाईबद्दल. माझी कादंबरी दोन प्रकाशकांकडे मिळून तीन वर्षं पडून होती. एकाने शंभर प्रती मीच विकत घ्याव्यात असं सुचवलं. मी नाही म्हटलं, आणि नव्याने लिहिणाऱ्यांनीही नाहीच म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याआधी छोट्या गोष्टी मासिकांना पाठवत राहा. 'किशोर' बालभारतीतर्फे 1971 पासून निघतंय. त्याचे जुने अंक चाळले, तरी मुलांसाठी वाक्य केवढं असावं याचा कान तयार होतो.

ऑस्टिन, टेक्सासहून, रविवारच्या मराठी शाळेतली शिक्षिका

आमच्या गावातल्या एका लेखकाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. लुई सॅकर बर्कलीला शिकत असताना एका प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून जायचे, मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांकडे लक्ष ठेवायचे. त्या मुलांवरूनच त्यांनी तीस वर्गांची, आडवी बांधायची ती चुकून उभी तीस मजली झालेली शाळा रचली. पुस्तक 1978 मध्ये आलं. ते वाचल्यापासून मी मधल्या सुट्टीत फोन बघणं सोडलं. मागच्याच रविवारी एक सहा वर्षांचा पठ्ठ्या दुसऱ्याला समजावत होता, "आजी इज नॉट ओल्ड, ती फक्त इंडियात असते." वहीत लगेच टिपून ठेवलं.

पुण्याहून, शिक्षक नाही, विद्यार्थी

आमच्या सरांनी सहावीत असताना स्वतःची कादंबरी रोज दहा मिनिटं वाचली होती. ती कधी छापली गेली नाही. सर गेल्यावर काकूंनी वही मला दिली. समासात जागोजागी पेन्सिलीने बारीक खुणा आहेत, आणि प्रत्येक खुणेपुढे आमच्यापैकी एकेकाचा हजेरी क्रमांक. कोण कुठे हसलं ते सर लिहून ठेवत होते. माझा क्रमांक सतरा. अकरा ठिकाणी सापडला.