थंडीसाठी कुठलं परफ्यूम: एगोइस्त की स्पाइसबॉम्ब?

खडामसाला: ‘थंडीत एगोइस्त म्हणजे पैसे पाण्यात, तासाभरात गायब, स्पाइसबॉम्ब घ्या नि मोकळे व्हा,’ असं गंधवेडा यांनी ठोकून दिलंय. डोकंच फिरलं. शनेल कंपनीसाठी जाक पोल्झ या परफ्यूमकारानं १९९० साली केलेलं एगोइस्त चंदनावर उभं आहे. वर, म्हणजे लावताच येणारे, धणे-दालचिनी, मध्ये गुलाब, तळाशी, म्हणजे शेवटी उरणारे, चंदन नि व्हॅनिला. चंदनाचे रेणू जड, मुळातच सावकाश उडणारे, गारठ्यात आणखी सावकाश. म्हणून ते ओरडत नाही, अंगाशी राहतं. लावलेला मफलर दुसऱ्या दिवशी गुंडाळा, मग बोला.

गंधवेडा: अंगाशीच राहायचं तर एवढे पैसे कशाला मोजायचे? जाड कोटातून बाहेर यायला दम लागतो. स्पाइसबॉम्बमध्ये गुलाबी मिरी, दालचिनी, तंबाखू, चामडं सगळं आहे. आणि २०१२ चं हे परफ्यूम केलंय ऑलिव्हिए पोल्झनं, त्याच जाकच्या मुलानं. पोरगा बापाच्या पुढे गेला, मान्य करा.

जुनीबाटली: कुठल्या एगोइस्तबद्दल भांडताय? आत्ता मिळतं ते ‘ते’ नाहीच. म्हैसूरचं चंदन दुर्मिळ झालं, त्यात लवंग-दालचिनीतल्या घटकांवर नियमांनी मर्यादा आल्या. उरलं काय?

चिमूटभर: प्रत्येक चर्चेत तुमचं हेच. उजेड आणि उष्णता खाल्लेल्या जुन्या बाटलीतला वरचा सुवास केव्हाच बिघडलेला असतो. त्याला तुम्ही अस्सल म्हणता.

जुनीबाटली: बिघडलेला? वडिलांची बाटली आहे ती, कायम खोक्यात, अंधाऱ्या कपाटात. नवी आणून लावली तर आईनं लगेच विचारलं, “हे कुठलं रे?” तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला याहून मोठा पुरावा नको.

चिमूटभर: आईंच्या नाकापुढे मी बोलत नाही. पण नियमांना शिव्या देऊ नका. लवंगेतल्या युजेनॉलनं माझ्या मानेवर पुरळ उठायचं. युरोपात २००५ साली अशा २६ घटकांची नावं, ठरावीक प्रमाणापुढे गेले की, वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं, म्हणून मला कारण सापडलं. तुमच्या आठवणीसाठी मी खाजवत बसायचं?

जुनीबाटली: नावं छापा ना, कोण अडवतंय? प्रमाण कशाला कापता? ज्याला सोसत नाही त्यानं लावू नये!

चिमूटभर: पुरळ उठेपर्यंत सोसत नाही हे कळणार कसं?

खडामसाला: अहो, विषय थंडीचा होता! गंधवेडा, वास जात नाही, तुमचं नाक सरावतं. संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी हुंगायला सांगा.

गंधवेडा: सांगितलं. बहीण म्हणाली चंदन येतंय. बरं, टिकतं, एवढं घ्या. पण उघड्यावर, गार वाऱ्यात ते शेजारच्यापर्यंतही पोचत नाही. तिथे स्पाइसबॉम्बच. चार भिंतींत बसणाऱ्यांनी खुशाल एगोइस्त लावावं.

खडामसाला: मग मी लावणारच, कारण थंडीत मी चार भिंतींतच असतो. आणि घेणाऱ्यांनो, चुकून ‘एगोइस्त प्लॅटिनम’ उचलू नका. ते १९९३ चं, हिरवट वासाचं, पार वेगळं परफ्यूम आहे.