पागासाठी शिशाचे मणी घरी ओततोय, पळी कोणती घ्यावी?

दाभोळखाडी

नमस्कार मंडळी. वडिलांचा पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, माळ्यावरून खाली काढलाय. जाळं अजून टणक आहे, पण घेराच्या शिशाच्या मण्यांपैकी निम्मे गळून गेलेत. पाग फेकला की एक बाजू आधी बसते, दुसरी तरंगत राहते आणि बोयी मासे तिकडून आरामात निघून जातात. शेजारचे काका म्हणाले, "घेर बुडला नाही तर तो पाग नव्हे, मच्छरदाणी." म्हणून सगळेच मणी नवे ओतायचं ठरवलं.

25 ग्रॅमचे 130 मणी, म्हणजे सव्वातीन किलो शिसं. साचा एका लेथवाल्याकडून करून घेतलाय. लोखंडी, दोन फाळक्यांचा, एका वेळी दहा मणी. दोरी ओवायला भोक राहावं म्हणून आत सळया बसतात. वितळवायला जुनी बिडाची कढई आणि गॅसची शेगडी आहे. अडलंय ते पळीवर. घरातला वाढायचा स्टीलचा डाव वापरून पाहिला. शिसं चोचीतून पडण्याऐवजी काठावरून बाहेरच्या अंगाला ओघळतं, तिसऱ्या मण्याला पोचेपर्यंत डावातच थिजायला लागतं, आणि जे मणी निघतात त्यांच्यावर म्हाताऱ्याच्या गालासारख्या सुरकुत्या. आजीची पितळी पळी आहे, जाड आहे, ती चालेल का? आणि मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का?

रापणीचा दोर

पितळी पळीला कल्हई असणार. ती अजिबात नको. कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांना वितळतं आणि शिसं वितळतं 327 ला. पहिल्याच बुडीत कल्हई सुटून शिशात जाईल आणि शिसं पितळेला असं चिकटेल की सोल्डर केल्यासारखं. आजीची पळी जाईल आणि हातात काही लागणार नाही. लोखंडाला शिसं चिकटत नाही, म्हणून लोखंड किंवा बीडच घ्या.

आणखी एक बघा, दांडा वाटीला कसा जोडलाय. रिव्हेट किंवा वेल्डिंग ठीक. सोल्डरचा जोड असेल तर तो कढईतच सुटेल आणि तुमच्या हातात नुसता दांडा राहील. हसू नका, आमच्याकडे झालंय.

वर्कशॉपवाला

वरच्यांशी सहमत. थोडी भर.

शिशाची घनता 11.34 आहे, हे पळी घेताना लोक विसरतात. फोडणीची मोठी पळी 60 मिली धरली तर काठोकाठ भरल्यावर त्यात पावणेसातशे ग्रॅम शिसं असतं. तेवढं वजन लांब दांड्याच्या टोकाला धरून दहा बारीक तोंडांवर नेम धरायचा म्हणजे मनगटाची परीक्षा. तुमच्या साच्याला लागतात 250 ग्रॅम, वर तोंडाशी थिजणारं जास्तीचं धरून 300. म्हणजे फक्त 26 मिली! पळी पन्नास-साठ मिलीची घ्या आणि निम्मी भरा. अगदी छोटी घेतलीत तर शिसं लवकर गार होतं. फार मोठी घेतलीत तर हात कापतो.

पत्रा जाड हवा. पातळ स्टीलच्या डावात उष्णता धरून ठेवायला काही नसतंच, म्हणून तिसऱ्या मण्याला थिजलं. अ‍ॅल्युमिनियमही नको. ते वितळतं 660 ला हे खरं, पण चारशेच्या आसपास इतकं मऊ पडतं की भरलेल्या पळीचा दांडा वाकतो. आणि चकचकीत जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही घेऊ नका. जस्त शिशात उतरलं की ते दह्यासारखं दाट होतं आणि साचा नीट भरत नाही.

डावखुऱ्याचा प्रश्न अगदी रास्त. एका बाजूला चोच असलेल्या पळ्या बहुधा उजव्यांसाठीच असतात. तुम्ही ती डाव्या हातात धरलीत की मनगट उलटं फिरवावं लागेल. दोन्ही बाजूंना चोच असलेली मिळाली तर उत्तम. नाहीतर साधी गोल पळी घेऊन लोहाराकडून हवी तिकडे चोच काढून घ्या. लोखंडी पळी असेल तर काठ तापवून चार हातोड्यांत होते. बिडाची ठोकायला जाऊ नका, तडकेल.

गंज नि मीठ

मी वेगळं मत मांडतो. किटलीसारखी पळी मिळते, तिची तोटी आतून तळापर्यंत गेलेली असते. शिसं तळातून येतं, वर तरंगणारी मळी, म्हणजे शिशावरची घाण, आतच राहते. परदेशात घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणारे छंदिष्ट तसली पळी आवडीने वापरतात. एकदा हात बसला की साधी पळी नकोशी होते.

(आपल्याकडे कोणी त्या गोळ्यांच्या विचारात असेल तर दारूगोळा बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. इथे विषय जाळ्याच्या मण्यांचाच राहू दे.)

वर्कशॉपवाला

पळी चांगली, पण यांच्या कामाला नको. तिची तोटी बारीक, जरा गार झाली की आत शिसं थिजतं, मग ती कढईत बुडवून ठेवा आणि वाट बघा. रोज दोनशे मणी ओतणाऱ्याचं ठीक आहे. हे दहा वर्षांतून एकदा ओतणार. मळी झाऱ्याने काढून टाकली की उघडी पळी पुरते.

गंज नि मीठ

हेही खरं. माझीही वर्षातले अकरा महिने टांगलेलीच असते.

मालवणी तडका

पळी कुठलीही घ्या हो, पण ती कोरडी आहे ना ते आधी बघा. आमचे आजोबा सांगायचे, "झिला, शिशाक पाणी दाखवू नको." मला वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी. एका जूनमध्ये, बोटी बंद, घरी बसून काय करायचं म्हणून ओटीवर शेगडी पेटवली. पळी भिंतीला खुंटीवर टांगलेली होती. पावसाळी हवा, हाताला ओली लागत नव्हती, पण दांडा होता पोकळ नळीचा आणि त्यात कौलातून गळलेलं पाणी जमलेलं. पळी शिशात घातली आणि एकदम फट्! पाण्याची वाफ झाली की जागा लागते सतराशे पट, ती सगळं शिसं वर घेऊन गेली. माझ्या मनगटावर दोन डाग पडले, चष्मा होता म्हणून डोळा वाचला. ओटीच्या वाशावर शिशाचे ठिपके अजून आहेत. पाहुणे विचारतात, काय हो, चंदेरी रंग लावला काय?

तेव्हापासून भरीव दांड्याचीच पळी वापरतो. ओतायच्या आधी ती शेगडीच्या कडेला ठेवून चांगली तापवतो, मगच शिशात. गार पळी घातली तरी वाईटच. शिसं तिच्यावर पापुद्र्यासारखं बसतं आणि तो पापुद्रा मग साच्याच्या तोंडात अडकतो.

जुने मणी पुन्हा वितळवणार असाल तर ते वितळलेल्या शिशात कधीही टाकू नका. त्यांच्या भोकात खारं पाणी असतं, उन्हात आठ दिवस ठेवलं तरी. गार कढईत आधी जुने मणी भरा, मग खालून जाळ लावा.

सुरूची सावली

सगळे पळीच्या चोचीत अडकलेत, म्हणून मी आईपणाचं बोलते. ज्या पळीने एकदा शिसं ओतलं ती पळी, ती कढई, तो झारा पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. घासून, उकळून, राखेने, कशानेही नाही. दाभोळखाडी, तुमचा वाढायचा डाव तर आता गेलाच. मुलांसाठी रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धूर दिसतो म्हणून त्याची भीती वाटते. खरा घोळ मळी काढताना उडणाऱ्या पिवळट-राखाडी भुकटीचा असतो. ती बोटांना लागते, बोटं विडीला किंवा लाडवाला. ती मळी माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नका, झाकणाच्या डब्यात ठेवून भंगारवाल्याला द्या. वाऱ्याला आडवे बसा, म्हणजे धूर तुमच्याकडेही येत नाही आणि घरातही जात नाही. नंतर साबणाने हात, आणि ते कपडे वेगळे धुवा.

दाभोळखाडी

ताई, डाव आईच्या नजरेस पडण्याआधीच लपवलाय. सगळ्यांचे आभार. भंगारवाला म्हणतोय गाडीच्या जुन्या बॅटऱ्या स्वस्तात देतो, त्यातलं शिसं काढलं तर?

वर्कशॉपवाला

नाही. आत गंधकाम्ल असतं आणि प्लेटांवर शिशाची भुकटी. शिवाय आर्सेनिक, अँटिमनीचे अंश. त्यांची मळी ओली झाली तर विषारी वायू निघू शकतो. जुन्या बॅटऱ्या दुकानातच परत द्यायच्या असतात.

टायरवाल्याकडची चाकाची वजनं चालतात, पण निवडून घ्या. पकडीने चावून बघा. शिसं असेल तर दात सहज रुतेल, जस्ताचं असेल तर पकड घसरेल. एखादं चुकून गेलंच तर जाळ मंद ठेवा. जस्त 419 ला वितळतं, तोवर ते वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं. वजनांत अँटिमनी असल्याने शिसं थोडं कडक येतं. भोकाच्या मण्याला चालतं, पण दोरीवर दाबून बसवायचं असेल तर मऊ शिसंच बरं.

दाभोळखाडी

(अकरा दिवसांनी)

झालं एकदाचं. बाजारात फोडणीची जाड लोखंडी पळी मिळाली, दांडा भरीव सळईचा. बिडाची हवी होती पण ती चोचीसह उजवीच होती. लोहाराने माझ्यासमोर काठ तापवला, एका गोल खिळ्यावर ठेवून ठोकला, उजव्या अंगाला चोच काढली. म्हणाला, "डावऱ्याची पळी पहिल्यांदाच केली." दांड्याला लाल ऑइलपेंटचा पट्टा मारला, म्हणजे चुकून कोणी फोडणीला घेणार नाही.

पहिल्या दोन खेपांना पुन्हा सुरकुत्याच. मी पळीला दोष देत होतो, पण साचाच गार होता. ते वीस मणी थिजले तसेच कढईच्या काठावर तापवून आत सोडले. तिसऱ्या खेपेला साचा इतका तापला की मणी खडबडीत, पिठूळ आले, मग दोन मिनिटं थांबलो. चौथ्यापासून नुसते चकचकीत. शिशावर मोरपिसासारखे निळे-जांभळे रंग यायला लागले की जाळ कमी करायचा, हे नंतर लक्षात आलं. मण्यांच्या तोंडावरचं जास्तीचं शिसं चाकूने कापलं, ते पुढच्या वितळणीला ठेवलंय. 119 मण्यांवर शिसं संपलं. उरलेल्या अकरा जागी जुनेच धुऊन लावले.

ओहोटीला पाग टाकला. घेर ताटासारखा बसला. सात बोयी आणि एक कुर्ली, तिने जाळं फाडलं ती गोष्ट वेगळी.

एक शंका राहिली. सळई मण्यात घट्ट बसते, काही ठिकाणी पकडीने ओढून काढावी लागली. त्याला काय?

मालवणी तडका

रॉकेलच्या चिमणीच्या काजळीवर सळई काळी करून घ्या, साच्याची खोबणही. तेल लावू नका, धूर होतो आणि मणी भोकाळ येतात. आणि शिसं पुरतं थिजायच्या आधी सळई एकदा फिरवा.