मदत हवी आहे: जुन्या रिपोर्टांतला डी-डायमर (रक्तातल्या गुठळीच्या विघटनातून आलेल्या तुकड्यांची तपासणी) कोणत्या एककात, एफईयू की डीडीयू?

पल्मोनरी एम्बोलिझमच्या (पीई, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी) संशयावरून सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन) झालेल्या जुन्या केसेसवर २०१७ चा 'इयर्स' अल्गोरिदम लावून पाहतोय: किती सीटी टळले असते? तीन मुद्दे: पायात डीव्हीटीची (खोल शिरेतल्या गुठळीची) लक्षणं, खोकल्यातून रक्त, आणि डॉक्टरांच्या मते पीई हेच सर्वांत संभाव्य निदान. एकही नसेल तर डी-डायमरचा कटऑफ १०००, एक जरी असला तर ५०० एनजी/एमएल, दोन्ही एफईयूमध्ये; आकडा त्याखाली असेल तर सीटी नको.

घोडं अडलंय ते एककावर. लॅबने मधेच किट बदललं आणि काही रिपोर्टांवर नुसतंच 'एनजी/एमएल' आहे. एकही मुद्दा नसलेल्या पेशंटचा आकडा ६२० असेल, तर एफईयू धरल्यास सीटी नको. डीडीयू धरून (१ डीडीयू म्हणजे साधारण २ एफईयू) दुप्पट केला की १२४० आणि सीटी हवाच!

छापील रेफरन्स रेंज पाहिली. वरची मर्यादा ५०० असेल तर एफईयू, २५०च्या आसपास असेल तर डीडीयू असं धरलं. पण काहींवर रेंजच नाही, आणि लॅबकडे किटच्या लॉटची नोंद उरलेली नाही. सॅम्पल शिल्लक नाहीत, त्यामुळे पुन्हा तपासणी अशक्य. गरोदर आणि आधीच अँटीकोॲग्युलंट (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असलेले पेशंट वगळलेत. एथिक्स कमिटीची परवानगी आहे.

तिसरा मुद्दा सीटीचा निकाल झाकून दोघांकडून वेगवेगळा भरून घेतोय, तिथे अडचण नाही.

एकक न कळणाऱ्या केसेस सरळ वगळायच्या, की दोन्ही एककं धरून दोनदा विश्लेषण करून दोन्ही निकाल द्यायचे? रिव्ह्यूअर काय मान्य करतात?