मदत हवी आहे: मराठीतून स्कीमा थेरपी कोण करतं?

धाकट्या बहिणीला तिच्या समुपदेशक बाईंनी स्कीमा थेरपी सुचवली आहे. जेफ्री यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १८ स्कीमा मांडलेत, म्हणजे लहानपणी भावनिक गरजा भागल्या नाहीत की मनात घट्ट रुतून बसणारे समज. हिचे दोन ठळक निघाले: 'मी अपयशीच' आणि 'कितीही केलं तरी कमीच'. पटलं. ऑफिसात कौतुक झालं तरी घरी येऊन ईमेलमधली एक चूक उगाळत बसते. (आमच्याकडे ९२ टक्के मिळाले तरी 'उरलेले ८ कुठे गेले?' असं विचारायचे. असो.)

इंग्रजी प्रश्नावली भरताना ती अडखळली. नाशिककडे किंवा ऑनलाइन, मराठीतून ही थेरपी करणारं कुणी माहीत आहे का? साधारण किती महिने चालते? स्वतः घेतलेल्यांनी कृपया सांगा. 'पॉझिटिव्ह विचार कर' हे सगळ्यांचं सांगून झालंय.