उबुद (बाली): ज्येष्ठांसह देवळे आणि भातखाचरे

प्रश्न
मार्चच्या उत्तरार्धात, सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन बालीतील उबुदला जाण्याचा विचार आहे. समुद्रकिनाऱ्यांपेक्षा देवळे आणि शेती पाहण्यात त्यांना रस आहे. देवळांत बाहेरच्यांना प्रवेश मिळतो का, आणि भातखाचरे पाहण्यासाठी तेगललांग बरे की जातिलुविह?

प्रतिसाद १
विमानाची तिकिटे काढण्याआधी न्येपीची, म्हणजे मौन पाळून साजऱ्या होणाऱ्या बालीच्या नववर्षदिनाची, तारीख पाहून घ्यावी. हे नववर्ष शकाच्याच गणनेने येत असल्याने ते आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास पडते. मात्र आपल्याकडे गुढ्या आणि श्रीखंड-पुरीची लगबग असते, तेव्हा तिथे विमानतळही चोवीस तास बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या अक्राळविक्राळ पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेवढ्यासाठी तरी आधी पोहोचावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २
प्रवेश मिळतो, परंतु कमरेला सारोंग (लुंगीसारखे वस्त्र) गुंडाळावे लागते (मोठ्या देवळांत ते दारातच मिळते), मासिक पाळीत स्त्रियांनी आत जाऊ नये असा नियम आहे आणि सर्वांत आतले आवार बहुधा उपासकांसाठीच राखलेले असते. गुनुंग कावीची कातळात कोरलेली अकराव्या शतकातील स्मारके अप्रतिम आहेत, पण तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर ते सोडून द्यावे. त्याऐवजी गोआ गजह हे गुहामंदिर पाहावे. तिथेही पायऱ्या आहेत, पण पुष्कळ कमी, आणि राक्षसाच्या जबड्यासारख्या दारातून आत गेल्यावर एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला शिवलिंगे दिसतात. चालताना खाली लक्ष असू द्यावे, कारण उंबऱ्यांपुढे आणि पदपथांवरही नारळाच्या पानांच्या छोट्या तबकांत फुले व उदबत्ती ठेवलेली असते.

प्रतिसाद ३
तेगललांग उबुदपासून जवळ आहे, पण आता तिथे झोपाळे आणि छायाचित्रांसाठीची गर्दीच फार. शेती खरोखर समजून घ्यायची असेल तर एक दिवस मोडून जातिलुविहला जावे. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या भूप्रदेशात ते येते, आणि हा मान केवळ देखाव्याचा नसून सुबक या व्यवस्थेचा आहे: एकाच पाटावर भिजणाऱ्या खाचरांचे शेतकरी एकत्र बसून पाण्याची वाटणी आणि लावणीची वेळ ठरवतात, आणि त्यांच्या जलमंदिरांतील विधीही त्याच वेळापत्रकाशी जोडलेले असतात. मात्र निघण्यापूर्वी हॉटेलात पिकाची चौकशी करावी; कापणी नुकतीच झाली असेल तर हिरवाईऐवजी नुसती धसकटे पाहावी लागतील.