समोर कोणी पाहत असताना माणूस कमी का जेवतो?

इंदिरानगरची मावशी

नमस्कार. माझी भाची बी. फार्मसीच्या शिक्षणासाठी कळवणहून नाशिकला आली असून गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे राहते. अभ्यासात हुशार आहे, घरात मोकळेपणाने बोलते, सासूबाईंशी तर तिची गट्टीच जमली आहे; मात्र ताटावर बसली की ती निराळीच होते. अर्ध्या पोळीचे चिमणीला घालावेत इतके बारीक तुकडे करते, भाजी ताटाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकवत राहते आणि मी पोळी घेऊन पुढे झाले की ताटावर आडवा हात धरून "मावशी, खरंच पुरे" म्हणते. याउलट ज्या दुपारी आम्ही सगळे बाहेर असतो, त्या संध्याकाळी पाहावे तर मटकीच्या उसळीचे पातेले रिकामे असते आणि पोळ्यांचा डबाही तळाला गेलेला असतो. म्हणजे तिला भूक आहे, आणि आमच्या घरचे अन्न रुचत नाही असेही दिसत नाही.

आमच्याकडे बाकीचे जेवायला बसतात आणि मी ओट्यापाशी उभी राहून गरम पोळ्या वाढते. सासूबाईंचे जेवण लवकर आटोपते, त्यामुळे त्या टेबलापाशी बसून प्रत्येकाच्या ताटाकडे लक्ष ठेवतात आणि "एवढंच?" असे हमखास विचारतात. त्यामागे मायाच आहे. तरीही मनात येते की आमच्या पाहण्याचाच तिच्यावर ताण येत असेल का? कोणी पाहत असल्याचा खाण्यावर खरोखर परिणाम होतो का, याचा कोणी अभ्यास केला आहे का, आणि घरात आम्ही काय बदलावे, हे जाणकारांनी सांगावे.

मानसशास्त्राची शिक्षिका

ताई, आपली शंका योग्य आहे आणि तिच्यामागे बरेच संशोधनही आहे. आपल्याकडे कोणाचे लक्ष आहे याची जाणीव तीव्र झाली की माणसे कमी खातात, असा निष्कर्ष २०१५ साली लिव्हरपूल विद्यापीठाच्या एरिक रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील अनेक अभ्यास एकत्र तपासून काढला. त्याआधी, २००१ मध्ये, टोरंटो विद्यापीठातील पीटर हर्मन, जॅनेट पोलिव्ही आणि पॅट्रिशिया प्लिनर यांच्या गटाने एक बोलका प्रयोग केला होता. आधी येऊन गेलेल्यांनी किती बिस्किटे खाल्ली याची बनावट यादी सहभागी स्त्रियांच्या नजरेस पडेल अशी ठेवली होती. एकट्या असताना त्या यादीप्रमाणे, म्हणजे यादीत जास्त असेल तर जास्त आणि कमी असेल तर कमी, खात गेल्या. परंतु कोणी समोर बसून पाहत असले की यादी काहीही सांगो, त्यांनी थोडेच खाल्ले. इतरांनी भरपूर खाल्ल्याचे दिसत असूनही पाहणाऱ्यासमोर हात आखडतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण "अगं, सगळेच घेतात, तूही घे" या समजावणीचा उपयोग का होत नाही हे त्यातून कळते.

यामागचे कारण असे की खाण्यावरून माणसाची पारख केली जाते आणि ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. कमी खाणारी मुलगी नाजूक, संयमी आणि जास्त खाणारी हावरट, असे शिक्के आपल्या समाजातच मारले जातात असे नाही. १९८७ च्या एका प्रयोगात, छाप पाडावीशी वाटेल असा पुरुष सोबत असताना तरुणींनी कमी खाल्ल्याचे आढळले होते.

आता दुसरी बाजू. माणसे चारचौघांत जास्त जेवतात, हेही तितकेच पक्के आहे. अमेरिकेत जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांकडून रोजच्या खाण्याच्या नोंदी लिहून घेतल्या, तेव्हा इतरांसोबत घेतलेले जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठे भरले. हा अभ्यास १९८९ चा आहे. मग नजरेने भूक मरते की वाढते? याचे उत्तर समोरचा माणूस काय करत आहे आणि तो आपला कोण लागतो यावर अवलंबून आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यानुसार मित्रमंडळींच्या सोबतीने खाणे वाढते, अनोळखी माणसांच्या सोबतीने तसे वाढत नाही. सोबत बसून जेवणारा माणूस सोबती असतो. स्वतः न जेवता पाहणारा माणूस, त्याच्या मनात कितीही प्रेम असले तरी, जेवणाऱ्याला परीक्षकासारखा वाटू शकतो. आपल्या घरात एक जण उभी राहून पाहते आणि दुसरी बसून पाहते. आपण तिच्यासोबत जेवायला बसावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

गंगापूर रोडची मेसवाली

मी विद्यार्थ्यांची मेस चालवते. शास्त्र वरच्या ताईंनी सांगितले आहे, मी डोळ्यांनी पाहिलेले सांगते. पूर्वी आमच्याकडे पोळी मागावी लागत असे. तिसरी पोळी मागण्यापूर्वी मुली हमखास शेजारच्या टेबलाकडे एकदा पाहून घेत, आणि तिथे मुलगे बसलेले असले तर पुष्कळदा न मागताच उठून जात. मुलग्यांचे उलट, एकाने घेतली की दुसरा घेणारच. नंतर मी प्रत्येक टेबलावर पोळ्यांची झाकणाची टोपली आणि भाजीचे छोटे पातेले ठेवू लागले. मागायचे बंद झाले, वाढणारा समोर उभा राहायचा बंद झाला, आणि मुलींच्या टेबलावरच्या टोपल्या रिकाम्या परत येऊ लागल्या. भात तर त्या आता दोनदा घेतात. ताई, तुम्हीही डबा, पातेले, डाव सगळे टेबलावर मांडा आणि तुम्ही बसा. गरम पोळीचा हट्ट काही दिवस सोडलात तरी चालेल.

पंचवटीकर

वरील मतांशी सहमत असूनही एक वेगळा मुद्दा मांडतो. सगळा भार नजरेवर टाकू नये. कळवणकडच्या मुलीच्या तोंडी बाजरीची किंवा नागलीची भाकरी आणि झणझणीत ठेचा बसलेला असू शकतो, आणि दुसऱ्याच्या घरी तसे मागणे जड जाते. ती एकटी असताना उसळीबरोबर आणखी काय घेते, हे तिला सहज विचारून पाहावे. शिवाय बाईमाणसाने सर्वांच्या शेवटी आणि उरलेसुरले जेवायचे ही रीत ज्या घरांत अजून आहे, तिथून आलेल्या मुलीला सर्वांसमोर पोटभर जेवणे हाच आगाऊपणा वाटतो. "आहारे व्यवहारे च त्यक्तलज्जः सुखी भवेत्" हे वचन आपल्याकडे पाठ सगळ्यांना असते, पण ते ऐकवून कोणाची लाज गेल्याचे मी पाहिलेले नाही.

इंदिरानगरची मावशी

सर्वांचे मनापासून आभार. उद्यापासून मी पोळ्या आधी करून तिच्यासोबतच जेवायला बसेन. सासूबाईंना मात्र कसे सांगावे हे कळत नाही. "मी पोरीला जेव म्हणते, यात वाईट काय?" असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे असे की हे निव्वळ संकोचाचे आहे की डॉक्टरांना दाखवण्यासारखे आहे, हे कसे ओळखावे?

मानसशास्त्राची शिक्षिका

सासूबाईंना तुमच्या जेवणाच्या वेळी फळाची वाटी किंवा ताकाचा पेला घेऊन बसायला सांगा. त्यांच्या हाताला आणि तोंडाला काम मिळाले की त्याही जेवणाऱ्यांतल्याच एक होतील. तरीही त्यांना कारण हवे असेल तर हे सांगा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना सूप देऊन कधी ते संपवण्याविषयी पुन्हा पुन्हा सांगितले गेले, तर कधी तसे सांगितले गेले नाही. असे सांगितले नव्हते तेव्हा मुलांनी अधिक सूप प्यायले आणि त्याविषयी तक्रारही कमी केली. भाची लहान नाही हे खरे, पण टोकण्याने घास जड होतो हे मोठ्यांनाही लागू पडते, असे माझे मत आहे. निदान "एवढंच?" हा प्रश्न काही आठवडे थांबवावा. "आज दोन खाल्ल्यास हो!" हे कौतुकही टाळावे, ताटाची मोजणी चालू आहे हे त्यातूनही कळतेच.

डॉक्टरांविषयी. ती एकटी असताना नीट जेवत असेल, वजन टिकून असेल आणि मैत्रिणींबरोबर मिसळ किंवा पाणीपुरी खायला जात असेल, तर हा नव्या घरातला संकोच समजावा. मात्र कॉलेजच्या कॅन्टीनमध्येही ती खाणे टाळत असेल, इतरांसमोर खावे लागेल म्हणून समारंभांना जातच नसेल, तर तो सामाजिक भयगंड असू शकतो. लोकांच्या नजरेसमोर खाण्यापिण्याची भीती हे त्याचे मान्य लक्षण आहे. वजन घटणे, पाळी चुकणे, जेवणानंतर लगेच मोरीत जाऊन बराच वेळ थांबणे, किंवा एकांतात आवरता येणार नाही इतके खाऊन नंतर स्वतःची घृणा वाटणे, यांपैकी काही दिसले तर मानसोपचारतज्ज्ञांना वेळ न दवडता भेटावे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. डब्यातल्या पोळ्या मात्र तिच्या नकळत मोजू नका. कधी लक्षात आले, तर एकटीने जेवायची सोयही तिला उरणार नाही.