ट्रेमधली अंडी आणल्याआणल्या धुवावीत का?

घणसोलीकर
नाक्यावरून ३० अंड्यांचा ट्रे येतो. पाच-सहा अंड्यांवर शी वाळलेली असते, एखाद्याला पीस चिकटलेलं. घरी सगळी धुऊन फ्रिजच्या दारात लावतात. साल्मोनेला, म्हणजे अंड्यांतून होणाऱ्या जुलाब-तापाचा जंतू, त्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे का? हाफ फ्राय खाणाऱ्यांत ४ वर्षांचं मूल आणि ७८ वर्षांच्या आजी आहेत.

कवच_बलक
धुऊन ठेवणं हीच चूक. कवचाला हजारो छिद्रं असतात, त्यांवर एक पातळ नैसर्गिक थर असतो. चोळून धुतलं की तो जातो. त्यात अंडं उन्हातून आलेलं आणि पाणी गार असेल, तर आतला ऐवज आकसतो आणि घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. अमेरिकेत अंडी धुतात खरी, पण अंड्यापेक्षा किमान ११ अंश गरम पाण्याने, लगेच वाळवून, आणि पुढे ७ अंशांच्या थंडाव्यात. युरोपात नेमकं उलट, तिथे 'अ' वर्गाची, म्हणजे थेट खाण्यासाठी विकली जाणारी, अंडी धुवायचीच नाहीत. आपण मात्र धुतो गार पाण्याने आणि ठेवतो दारात, जिथे फ्रिज उघडला की दरवेळी गरम हवा लागते.

तडा गेलेलं किंवा ओली शी लागलेलं अंडं दुकानातच परत करा. वाळलेला डाग कोरड्या कागदाने पुसा. फारच माखलेलं असेल तर फोडायच्या अगदी आधी कोमट पाण्याखाली धुवा, कोरडं करा, लगेच शिजवा. बाकीची आतल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, निमुळतं टोक खाली. पुठ्ठ्याचा ट्रे फ्रिजमध्ये नको, तो ओट्यावरही टेकवू नका.

आणि लागतील तेवढीच बाहेर काढा. पावसाळ्यात इथल्या हवेत गार अंड्याला मिनिटा-दोन मिनिटांत घाम फुटतो. ओल्या कवचातून जंतूंना आत शिरणं सोपं जातं.

कळवा_पूर्व
वरचं सगळं बाहेरच्या घाणीबद्दल झालं. साल्मोनेलाचा एन्टेरिटिडिस हा प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच असू शकतो. मग कवच चढायच्या आधीच तो आत असतो. असं अंडं दिसायला, वासाला अगदी चांगलं. पाण्यात तरंगतं का बघून फक्त वय कळतं, जंतू नाही.

म्हणून खरा उपाय आचेवरच. आत ७१ अंश गाठले पाहिजेत. वाहता बलक तिथवर पोचलेला नसतो.

दुसरं म्हणजे दहा-बारा अंडी एकत्र फेटून ओट्यावर ठेवणं. एक दूषित असेल तर सगळं भांडं दूषित, आणि आपल्या उन्हाळ्यात जंतू तासाभरात दुपटीहून जास्त होतात. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, फेटलं की लगेच तव्यावर. बुर्जीच्या गाडीवर पातेलंभर फेटून ठेवलेलं दिसलं तर पुढे चालू लागा.

घणसोलीकर
म्हणजे आजींचं हाफ फ्राय बंद?

कवच_बलक
त्या दोघांसाठी हो. तव्यावर झाकण ठेवा, उलटा, बलक घट्ट होऊ द्या. उकडायचं तर उकळत्या पाण्यात १०-११ मिनिटं. उकडलेलं सोललं की त्याच दिवशी संपवा, सालीसकट फ्रिजमध्ये आठवडाभर चालतं.

कळवा_पूर्व
केकचं कच्चं मिश्रण मुलाला चाटू देऊ नका. घरच्या मेयोनीजमध्येही कच्चं अंडं असतं. तेलंगणात २०२४ मध्ये त्यावर बंदी आली ती याचसाठी. बाटलीबंद घ्यायचं तर हिरव्या खुणेचं घ्या, त्यात अंडंच नसतं.